शिंग एक, प्राणी अनेक

ग्रीक पुराणांत पंखांचा घोडा आहे, कमरेवर माणूस आणि कमरेखाली घोडा असलेली जमात आहे, बैलाच्या तोंडाचा राक्षसही आहे. कपाळावर एकच शिंग असलेला घोडा मात्र तिथे कुठेच नाही. आज मुलींच्या दप्तरांवर आणि वाढदिवसाच्या केकवर मिरवणारा युनिकॉर्न देवादिकांच्या कथांतून आलेला नाही. तो आला वैद्यांच्या, राजदूतांच्या आणि निसर्गाच्या नोंदी ठेवणाऱ्यांच्या लेखनातून. आणि त्यांतल्या बहुतेकांनी त्याचा पत्ता एकच दिला: हिंदुस्थान. ग्रीकांच्या लेखी तो हत्तीइतकाच खरा होता, कोणी पाहिलेला नव्हता एवढेच.

पुढची दोन हजार वर्षे युरोपने ही समजूत जपली, आणि ती निव्वळ भोळेपणाने जपली असे नाही. तिच्यामागे खरे प्राणी होते: हिंदुस्थानातला गेंडा, पश्चिम आशियातला रानबैल, उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातला एक देवमासा. प्रत्येक जण वेगळ्या काळात, वेगळ्या कारणाने त्या एका शिंगाला येऊन चिकटला. त्यापायी कोणाचा धंदा झाला आणि कोणाचा जीव गेला, हे या इतिहासात क्रमाने पाहता येते.

इराणच्या दरबारातला वैद्य

इ.स.पूर्व ४००च्या सुमारास क्टेसियस नावाचा ग्रीक वैद्य इराणचा सम्राट दुसरा अर्तक्षत्र याच्या पदरी होता. सिंधूच्या खोऱ्याशी या साम्राज्याचा जुना संबंध होता. तिकडून नजराणे येत, व्यापारी येत, बातम्या येत. क्टेसियस स्वतः हिंदुस्थानात कधी आला नाही; दरबारात जे पाहिले आणि कानावर पडले, त्यावरून त्याने या देशावर एक पुस्तक लिहिले. मूळ पुस्तक आज उरलेले नाही. नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलचा धर्मगुरू फोटियस याने केलेला त्याचा सारांश आणि इतर लेखकांनी घेतलेले उतारे तेवढे हाती आहेत.

त्यात हिंदुस्थानातल्या रानगाढवांचे वर्णन आहे. अंगाने घोड्याएवढी किंवा त्याहून मोठी, पांढरी, डोके गडद तांबडे, डोळे निळे आणि कपाळावर सुमारे हातभर लांबीचे शिंग. ते शिंग बुडाशी पांढरे, मध्ये काळे, टोकाला लालभडक. या शिंगाच्या पेल्यातून पिणाऱ्याला आकडी येत नाही, फेफरे येत नाही आणि विषही बाधत नाही. प्राणी इतका वेगवान की घोड्याला गाठता येत नाही. मांस कडू, म्हणून शिकार होते ती शिंगासाठी आणि घोट्याच्या हाडासाठी.

वर्णन चमत्कारिक वाटते, पण सुटे करून पाहिले की त्यातले तुकडे ओळखीचे निघतात. शिंग आणि त्याचा विषावरचा उतारा ही गेंड्याची ख्याती. गेंड्याच्या शिंगाचे पेले आपल्याकडे आणि पूर्वेकडे अगदी अलीकडच्या काळापर्यंत बनत होते; शिंगाचे ते तीन रंग म्हणजे अशाच एखाद्या रंगवलेल्या पेल्याचे असावेत, असा तर्क करता येतो. वेग, खूर आणि तांबूस-पांढरे अंग मात्र रानगाढवाचे आहे. कच्छच्या छोट्या रणात आजही घुडखरांचे कळप भरधाव पळताना दिसतात. दोन वेगळ्या प्राण्यांच्या बातम्या हजारो कोस चालून गेल्या आणि एका कागदावर त्यांचा एक प्राणी झाला.

शंभरेक वर्षांनी मेगॅस्थेनिस ग्रीक राजा सेल्यूकसचा वकील म्हणून चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आला. त्याच्या लेखनातून आलेले मानले जाणारे एक वर्णन रोमन काळातल्या ईलियनने जपून ठेवले आहे. त्यातल्या एकशिंग्याचे पाय हत्तीसारखे, शेपूट डुकरासारखे, शिंग काळे आणि स्वभाव एकटे राहण्याचा आहे. इथे गाढव गळून पडले आहे आणि गेंडा जवळजवळ उघडा दिसतो. या एकटेपणाची खूणगाठ आपल्याकडच्या वाङ्मयातही आहे. सुत्तनिपातातल्या एका जुन्या पाली सूत्रात भिक्खूला गेंड्याच्या शिंगाची उपमा देऊन एकट्याने वाटचाल करायला सांगितले आहे.

दरम्यान ॲरिस्टॉटलने एकशिंगी प्राण्यांच्या यादीत दोन नावे घातली होती: हिंदुस्थानी गाढव आणि ओरिक्स. ओरिक्स हे वाळवंटातले हरीण. अरबस्तानातला ओरिक्स पांढराशुभ्र असतो, त्याची दोन्ही शिंगे लांब, सरळ आणि जवळजवळ समांतर असतात. बरोबर बाजूने पाहिले तर एका शिंगाआड दुसरे लपते. पांढऱ्या रंगाचा, सडपातळ, लांब सरळ शिंगाचा प्राणी हे जे चित्र पुढे युरोपात रूढ झाले, त्याला गेंड्यापेक्षा ओरिक्सच जवळचा.

सिंधूकाठच्या मुद्रा

क्टेसियसच्या दीड हजाराहून अधिक वर्षे आधी सिंधू संस्कृतीच्या कारागिरांनी एकशिंगी प्राणी कोरला होता. मोहेंजोदडो आणि हडप्पा इथल्या मुद्रांवर सर्वांत जास्त वेळा दिसणारे जनावर हेच. अंग बैलाचे, मान लांब, कपाळातून पुढे वळलेले एक शिंग आणि समोर दांड्यावर उभे केलेले एक पात्रासारखे काहीतरी.

बाजूने काढलेल्या चित्रात दुसरे शिंग झाकले गेले असेल, असे पुष्कळांनी सुचवले आहे. पण याच मुद्रांवर वशिंडाचा बैल बाजूने दाखवताना कारागिरांनी त्याची दोन्ही शिंगे नीट कोरली आहेत. शिवाय एकाच शिंगाच्या मातीच्या मूर्तीही सापडल्या आहेत. गेंडा तर त्यांना पक्का ठाऊक होता. कातडीच्या घड्यांसह तो मुद्रांवर स्वतंत्रपणे येतो. म्हणजे हा एकशिंगी बैल चुकून झालेला नाही. तो ठरवून केलेले चिन्ह आहे, मग ते कुळाचे असो, व्यापारी गटाचे असो वा देवतेचे. ग्रीकांच्या गोष्टीशी त्याचा धागा जोडणारा पुरावा मध्ये कुठे मिळत नाही.

गेंडा त्या काळी किती दूरवर माहीत होता याची साक्ष महाराष्ट्रातही आहे. प्रवरेकाठच्या दायमाबाद इथे १९७४ साली ब्राँझच्या चार वजनदार वस्तू मिळाल्या: बैल जोडलेला रथ, हत्ती, रेडा आणि गेंडा. गेंड्याच्या पायांखाली चाके लावलेली आहेत.

धर्मग्रंथात शिरकाव

एवढ्यावर हा प्राणी ग्रीक पोथ्यांत पडून राहिला असता. त्याला घराघरात नेले ते बायबलने.

हिब्रू धर्मग्रंथात ‘रेएम’ नावाचा एक बलाढ्य, माणसाला न जुमानणारा प्राणी नऊ ठिकाणी येतो. इ.स.पूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियातल्या ज्यू पंडितांनी या ग्रंथाचे ग्रीक भाषांतर केले. तोवर हा प्राणी त्यांच्या मुलखातून नाहीसा झाला असावा. ग्रीक ग्रंथांत मात्र हिंदुस्थानातल्या एकशिंग्याचा बोलबाला होता. त्यांनी तोच शब्द वापरला. हा मुद्दाम केलेला ‘ध’चा ‘मा’ नव्हता, पण परिणाम तितकाच दूरगामी झाला. पुढे लॅटिनमध्ये कुठे गेंडा तर कुठे एकशिंगी अशी धरसोड झाली, आणि १६११च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलमध्ये युनिकॉर्न ठाम बसला.

मूळ मजकूर नीट वाचला तर अडचण तिथेच दिसते. एका ठिकाणी योसेफाच्या वंशाला रेएमच्या शिंगांची उपमा आहे आणि त्याच्या दोन मुलांचे वंश म्हणजे ती शिंगे. एका शिंगावर हे रूपक उभेच राहत नाही. इंग्रजी भाषांतरकारांनी प्राण्याचे अनेकवचन करून वेळ मारून नेली. ईयोबाच्या पुस्तकात देव विचारतो तो प्रश्नही बोलका आहे: रेएम तुझ्या गोठ्यात राहील का, तुझ्यासाठी नांगर ओढील का? हा प्रश्न गेंड्याबद्दल कोणी विचारणार नाही. बैलासारख्याच दिसणाऱ्या, पण जू न मानणाऱ्या जनावराबद्दलच तो शोभतो.

एकोणिसाव्या शतकात मेसोपोटेमियातली कीलाकार लिपी वाचता आली तेव्हा उलगडा झाला. तिथल्या भाषेत ‘रीमू’ म्हणजे रानबैल, आजच्या गुराढोरांचा पूर्वज ऑरॉक्स. खांद्याशी माणसाच्या उंचीचा हा प्राणी मारणे हा असीरियन राजांचा मर्दानी खेळ होता. इ.स.पूर्व नवव्या शतकातल्या दुसऱ्या अशुरनासिरपालाच्या निमरूदच्या राजवाड्यात रथातून केलेली अशी शिकार दगडात कोरलेली आहे. बॅबिलोनच्या इश्तार दरवाजावर चकाकत्या विटांत जे बैल उठवले आहेत ते बाजूने दिसतात आणि त्यांचे एकच शिंग नजरेला पडते.

ऑरॉक्स पुढे युरोपातून हटत हटत पोलंडमधल्या याक्तोरूफच्या जंगलापुरता उरला आणि १६२७ साली त्यातली शेवटची गाय मेली. म्हणजे १६११मध्ये इंग्लंडच्या विद्वानांनी बायबलात युनिकॉर्न छापला तेव्हा खरा रेएम पोलंडमध्ये शेवटचे दिवस मोजत होता.

त्या ग्रीक भाषांतराचे फळ मात्र फार पूर्वीच मिळाले होते. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या काही शतकांत ‘फिझिओलोगस’ नावाचे प्राणिकथांचे छोटे पुस्तक तयार झाले. त्यात एकशिंगी करडाएवढा होऊन गेला आणि कुमारिकेच्या मांडीवर डोके ठेवताच पकडला जाऊ लागला. धर्मगुरूंनी त्यात ख्रिस्ताचा अवतार पाहिला. कपाळावर शिंग असलेल्या, वनात वाढलेल्या ऋष्यशृंगाला स्त्रीच्या मोहाने राजधानीत आणल्याची आपली कथा आठवावी. महाभारतात आणि बौद्ध कथांत ती येते, आणि दोन्हींतले साम्य अनेक अभ्यासकांना योगायोगापलीकडचे वाटले आहे. धर्मग्रंथात नाव आल्यावर शंका घेण्याची सोय उरली नाही: एकशिंगी नाही म्हणणे म्हणजे शास्त्रवचन खोटे म्हणणे.

पाहिले, पण पटले नाही

खरा गेंडा दिसल्यावर तरी गोष्ट मिटायला हवी होती. तसे झाले नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो चीनहून परतताना सुमात्रात थांबला. तिथले एकशिंगी हत्तीएवढे थोराड, पाय हत्तीचे, केस म्हशीसारखे, चिखलात लोळणारे आणि दिसायला अत्यंत कुरूप असल्याचे त्याने सांगितले. कुमारिकेच्या मांडीवर येणारा प्राणी हा नव्हे, असेही त्याने बजावले. त्याने गेंडा पाहिला होता, पण त्याला तो ‘बिघडलेला’ युनिकॉर्न वाटला.

चीनमध्ये याच्या उलट घडले. तिथल्या परंपरेत चिलिन नावाचा शुभ प्राणी होता. तो पुष्कळदा एकशिंगी मानला जाई आणि सज्जन राजाच्या काळातच प्रकट होई. १४१४ साली बंगालच्या सुलतानाने मिंग सम्राट योंगल याला आफ्रिकेहून आलेला जिराफ भेट पाठवला, तेव्हा दरबाराने तोच चिलिन मानला आणि त्याचे चित्र काढून घेतले. युरोपात खरा प्राणी कल्पनेला पुरा पडला नाही. चीनमध्ये कल्पनेने खरा प्राणी उचलून घेतला.

शंभर वर्षांनी गेंडा थेट युरोपात पोहोचला, आणि तो गेला गोव्याहून. पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकर्क याला दीवला किल्ला बांधायचा होता. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याने नकार दिला, पण नकारासोबत नजराणे पाठवले. त्यात एक जिवंत गेंडा होता. आल्बुकर्कने तो राजा मानुएलकडे रवाना केला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर २० मे १५१५ रोजी तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने पाहिलेला हा पहिला जिवंत गेंडा. रोमन लेखक प्लिनीने हत्ती आणि गेंडा यांचे हाडवैर लिहून ठेवले होते. त्याची परीक्षा म्हणून ३ जूनला दोघांना समोरासमोर आणले, आणि हत्तीने धूम ठोकली.

लिस्बनहून गेलेले एक पत्र आणि रेखाचित्र न्युरेंबर्गला चित्रकार आल्ब्रेख्ट ड्युररच्या हाती पडले. त्याने गेंडा कधीच पाहिला नव्हता. तरी त्याने काष्ठचित्र कोरले. कातडीच्या घड्यांचे चिलखताचे पत्रे झाले, पायांवर खवले आले, आणि खांद्यावर आणखी एक लहानसे पिळाचे शिंग उगवले. ते चित्र पुढची दोनेकशे वर्षे युरोपभर गेंड्याचे प्रमाण चित्र म्हणून चालले. खुद्द गेंडा पोप दहावा लिओ याच्याकडे भेट म्हणून निघाला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासह बुडाला.

दहा वर्षांनी, १५२५च्या अखेरीस, हिंदुस्थानावर चालून येताना बाबराने पेशावरजवळ गेंड्यांची शिकार केली. हुमायूनबरोबर आलेल्यांनी हे जनावर पूर्वी कधी पाहिले नव्हते. बाबराच्या आठवणींत कुठलाही चमत्कार नाही. नाकावर वीतभराहून थोडे मोठे एकच शिंग, दोन वितींचे कधी पाहिले नाही. एका मोठ्या शिंगातून पिण्याचा पेला आणि फाशांची डबी निघाली, वर तीन-चार बोटे उरले. त्याच्या मकसूद नावाच्या खिदमतगाराच्या घोड्याला गेंड्याने भाल्याच्या अंतरावर उडवून दिले, तेव्हापासून सोबत्यांनी मकसूदला गेंड्याच्या नावानेच चिडवायला सुरुवात केली. आज पाकिस्तानात एकही रानटी गेंडा नाही. पाचशे वर्षांपूर्वी तो खैबरच्या पायथ्याशी होता, हे आपल्याला या नोंदींमुळे कळते.

बाजारातले शिंग

गेंडा ओळखीचा झाला, तरी युरोपने एवढेच म्हटले, की हा वेगळा आणि युनिकॉर्न वेगळा. या हट्टाला भक्कम आधार होता: युनिकॉर्नचे शिंग त्यांच्या हातात होते. राजांच्या खजिन्यांत आणि चर्चमध्ये माणसाहून उंच, पांढरे, पिळाचे, सुईसारखे टोकदार शिंग ठेवलेले असे. असे शिंग ना गेंड्याला, ना बैलाला, ना हरणाला.

ते होते नारव्हाल या देवमाशाचे. ग्रीनलंडच्या आसपासच्या थंड समुद्रात तो राहतो. शिंग दिसते तो खरा दात: नराच्या वरच्या जबड्यातला डावा सुळा ओठ भेदून बाहेर येतो आणि पिळत पिळत तीन मीटरपर्यंत वाढतो. दहाव्या शतकाच्या अखेरीस नॉर्स लोक ग्रीनलंडला वसले आणि तिथून हे दात दक्षिणेला जाऊ लागले. दात येई, प्राणी येत नसे. खरेदीदाराला समुद्र दिसत नव्हता, आणि विकणाऱ्याला तो दाखवण्याची गरज नव्हती.

मागणी निर्माण केली ती क्टेसियसच्या जुन्या वाक्याने: या शिंगाने विष उतरते. राजेरजवाड्यांना विषप्रयोगाची धास्ती रात्रंदिवस असे. पहिल्या एलिझाबेथच्या विंडसरच्या महालातल्या शिंगाची किंमत दहा हजार पौंडांहून अधिक सांगितली जाते, असे १५९८मध्ये तिथे आलेल्या जर्मन प्रवासी पाउल हेंट्सनरने लिहिले. इंग्रज दर्यावर्दी मार्टिन फ्रोबिशरच्या खलाशांना १५७७ साली उत्तरेकडच्या किनाऱ्यावर मेलेला नारव्हाल सापडला. दोन यार्डांना दोन इंच कमी एवढ्या त्याच्या पोकळ दातात त्यांनी कोळी सोडून पाहिले. कोळी मेले, म्हणून शिंग अस्सल ठरले आणि राणीसाठी राखून ठेवले.

पहिली शंका वैद्यांतूनच आली. फ्रान्सच्या राजांचा शल्यवैद्य आंब्रवाझ पारे याने १५८२मध्ये या शिंगावर पुस्तक लिहिले. शिंग भिजवलेल्या पाण्यात त्याने बेडूक ठेवला. तीन दिवसांनीही तो टुणटुणीत होता. राजाच्या पेल्यात शिंगाचा तुकडा बुडवण्याची रीत बंद करा, असे त्याने राजवैद्याला सुचवले. राजवैद्याचाही त्यावर विश्वास नव्हता, पण रूढी मोडायची त्याची तयारी नव्हती.

शेवटचा घाव १६३८ साली कोपनहेगनचा वैद्य ओले वर्म याने घातला. त्याने नारव्हालची कवटीच पुढे ठेवली, दात तिच्यात रुतलेला. तरीही १६६२ ते १६७१ या काळात डेन्मार्कच्या राजघराण्याने याच दातांनी मढवलेले राज्याभिषेकाचे सिंहासन घडवून घेतले आणि १८४०पर्यंत राजे त्यावर बसत राहिले. ग्रीनलंडच्या समुद्रावर डेन्मार्क आपला हक्क सांगत होता. त्या मालाची प्रतिष्ठा टिकणे राजाच्या हिताचे होते. औषधी म्हणून हे शिंग लंडनच्या अधिकृत औषधसूचीतून बाहेर पडायला अठराव्या शतकाचा मध्य उजाडला.

विज्ञानाचा निवाडा

मग वादाचे मैदान बदलले. १८२७मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए याने युनिकॉर्न शरीररचनेनेच अशक्य ठरवला: दुभंगलेल्या खुरांच्या प्राण्याच्या कवटीचे कपाळही दोन हाडांचे असते, त्यांच्या सांध्यावर शिंग उगवणार कसे? त्याला शतकाने उत्तर मिळाले. अमेरिकेतल्या मेन विद्यापीठात फ्रँकलिन डव्ह याने १९३३ साली एका दिवसाच्या वासराचे शिंगांचे दोन्ही कोंब काढून कपाळाच्या मधोमध एकत्र रोवले. ते रुजले आणि काही वर्षांत तो एका सरळ शिंगाचा बैल झाला. निसर्गात एकशिंगी प्राण्याची जात नाही. पण एकशिंगी जनावर होऊच शकत नाही, हेही खरे नाही.

सैबेरियातल्या इलास्मोथेरियम या प्रचंड नामशेष गेंड्याचे नावही या चर्चेत वारंवार निघते. तो सुमारे ३९ हजार वर्षांपूर्वीपर्यंत होता. कोणत्याही लिखित परंपरेपर्यंत त्याची आठवण पोहोचली असेल असे मानायला आधार नाही.

हिशेब

या गोष्टीपायी गेंड्याइतकी जबर किंमत कोणालाच मोजावी लागली नाही. शिंग विष उतरवते ही ख्याती त्याच्याच नावावर सुरू झाली होती आणि ती त्याला कधी सोडून गेली नाही. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्याच्या आर्चबिशपच्या दफ्तरी काम केलेला डच माणूस यान हाउखेन फान लिन्सखोटेन याने लिहिले आहे, की बंगालमधले इतर प्राणी पाणवठ्यावर गेंड्याची वाट पाहतात. त्याने शिंग बुडवून विष नाहीसे केले की मग पितात. काहींच्या मते हाच खरा युनिकॉर्न, हेही त्याने नोंदवले. युरोपची मागणी ओसरल्यावर पूर्व आशियातल्या पारंपरिक औषधांचा बाजार आणि येमेनमधल्या खंजिरांच्या मुठी यांनी ती जागा भरून काढली. जंगले चहामळ्यांनी आणि शेतीने आक्रसली, शिकाऱ्यांनी उरलेले टिपले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकशिंगी गेंडे जेमतेम दोनशे उरले.

तिथून ते परत आले, हेही खरे. १९०५पासून काझीरंग्याला संरक्षण देण्याची पावले पडत गेली. आज भारत आणि नेपाळ मिळून चार हजारांहून जास्त गेंडे आहेत, त्यांतले बहुसंख्य आसामात. २२ सप्टेंबर २०२१ रोजी आसाम सरकारने बोकाखात इथे कोषागारांत साठलेली २,४७९ शिंगे जाहीरपणे जाळली. ९४ शिंगे जतनासाठी मागे ठेवली. गेंड्याचे शिंग केसांच्या आणि नखांच्याच द्रव्याचे असते आणि त्याला औषधी मोल नाही, हे लोकांना पटावे हा त्यामागचा हेतू.

क्टेसियसचे पुस्तक हरवले, रानगाढवाच्या अंगावर चढवलेले शिंग उतरले, बायबलांच्या नव्या भाषांतरांत रानबैल परत आला, नारव्हालचा दात दातच ठरला. या चुका विद्वानांनी दुरुस्त केल्या, कारण त्या ग्रंथांतल्या होत्या. शिंगाच्या पेल्याची गोष्ट मात्र ग्रंथांतून बाजारात गेली होती. ती खोडायला पंडित पुरले नाहीत. वनरक्षक, कायदे आणि जाहीर होळी लागली, आणि चोरट्या शिकारीची बातमी आजही अधूनमधून येते. युनिकॉर्न कधी होता का, हा प्रश्न आता सुटला आहे. त्याच्या शिंगाला किंमत आहे, ही समजूत अजून सुटलेली नाही.